वित्त आयोगाच्या पैशाचा हिशेब मार्चमध्ये लिहायचा नसतो

जानेवारी २०२१च्या निवडणुकीत मी सदस्य म्हणून निवडून आले. त्या वर्षी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर निघाली. आमच्या गावाला महिला आरक्षण पडलं आणि निवडून आलेल्या आम्ही तिघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. शेवटी मी खुर्चीवर बसले. पंधरा दिवसांनी भाऊसाहेबांनी एक कागद पुढे केला. (आमच्या माण तालुक्यात ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात, आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण हाक तीच.) वर लिहिलं होतं 'उपयोगिता प्रमाणपत्र'. मी विचारलं, हे कशाचं? "काही नाही ताई, मागच्या वर्षाचं आहे, वर पाठवायचंय." मी सही केली.

मागच्या वर्षी गावावर प्रशासक होता. एकही काम माझ्या डोळ्यांदेखत झालेलं नव्हतं. तरी 'सदर निधी ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामावर खर्च झाला आहे' असं मी सरकारला लिहून दिलं होतं. हे मला दीड वर्षाने कळलं, लेखापरीक्षक समोर बसले तेव्हा.

माझी मुदत आता संपली. तालुक्यातल्या नव्या सरपंच बायका अधूनमधून घरी येतात, तेच प्रश्न विचारतात. त्यांना चहाबरोबर जे सांगते तेच इथे लिहिते आहे. शासन निर्णय आणि परिपत्रकं तुम्हाला भाऊसाहेब देतीलच. मी सांगतेय ते त्यांच्या मधल्या जागेतलं.

पैसा आला की आधी वाटे करा

१५व्या वित्त आयोगाने (केंद्राच्या पैशातला वाटा राज्यांना आणि गावांना किती द्यायचा ते सुचवणारा आयोग, अध्यक्ष एन. के. सिंह) २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. आपल्या राज्यात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला येतात. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के. राज्याच्या हातात पैसे पडले की कामाच्या १० दिवसांत ते खाली पाठवायचे, उशीर झाला तर व्याजासह, अशी केंद्राची अट आहे. म्हणजे हिशेबाचा तगादा फक्त आपल्यामागे नाही, वरच्यांमागेही आहे. हे लक्षात ठेवलं की पंचायत समितीतून दिवसाला तीन फोन आले तरी राग येत नाही.

आता वाटे. १५व्या आयोगाचे ४० टक्के अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे), ६० टक्के बंधित (ठरवून दिलेल्या कामांवरच खर्चायचे). बंधितातले निम्मे, म्हणजे एकूणातले ३० टक्के, स्वच्छतेला आणि गाव हागणदारीमुक्त राखायला. उरलेले ३० टक्के पिण्याच्या पाण्याला, पावसाचं पाणी साठवायला-मुरवायला आणि पाण्याच्या पुनर्वापराला. समजा खात्यावर ४ लाखांचा हप्ता पडला. १ लाख ६० हजार अबंधित, १ लाख २० हजार पाणी, १ लाख २० हजार स्वच्छता. हे आकडे त्याच दिवशी एका वहीत लिहा. मी शाळेची दोनशे पानी वही केली होती, तीन रंगांच्या पेनांनी. भाऊसाहेब हसले होते. पुढे तेच विचारायचे, "ताई, वहीत पाण्याचं किती राहिलंय बघा."

२०२०-२१ या एका वर्षाला मात्र ही वाटणी निम्मी-निम्मी होती. जुनी शिल्लक पुढे ओढून आणली असेल तर ती कुठल्या वर्षाची आणि कुठल्या वाट्याची हे वेगळं लिहायला लागतं. आमच्याकडे ती सगळी एकाच आकड्यात घातलेली होती आणि सोडवायला दोन दिवस गेले.

अबंधित म्हणजे वाट्टेल तिथे, असं मात्र नाही. पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून करता येत नाही. कार्यालयातल्या खुर्च्या, चहापाणी, शिपायाचं मानधन, हे सगळं ग्रामनिधीतून, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या पैशातून.

इथेच आमचं एक काम अडकलं. खालच्या आळीत काँक्रीटचा रस्ता आणि बाजूने गटार असं एकच अंदाजपत्रक केलं होतं, ३ लाख २० हजारांचं. गटार आहे म्हणून सगळा खर्च स्वच्छतेच्या वाट्यात टाकला. लेखापरीक्षकांनी अंदाजपत्रक उघडलं, काँक्रीटच्या ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, "यात स्वच्छता कुठली?" बरोबर होतं त्यांचं. रस्त्याचं अंदाजपत्रक वेगळं आणि गटाराचं वेगळं केलं असतं, रस्ता अबंधितातून आणि गटार बंधितातून दाखवलं असतं, तर प्रश्नच नव्हता. काम तेच, ठेकेदार तोच, पैसाही तेवढाच. चूक कागदावरची. पण आक्षेप कागदावरच निघतात. म्हणून अभियंता साहेबांकडे अंदाजपत्रकाला जाताना काम कुठल्या वाट्यातून करायचंय ते आधी ठरवून जा.

डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

आता चेकबुक नाही. पैसे ई-ग्रामस्वराज पोर्टलवरून जातात. हे पोर्टल २४ एप्रिल २०२०ला, पंचायतराज दिनी सुरू झालं आणि ते पीएफएमएसला (सरकारी पैसे थेट खात्यात पाठवणाऱ्या केंद्राच्या प्रणालीला) जोडलेलं आहे. देयक तयार झालं की एक डिजिटल सही ग्रामसेवकाची, दुसरी सरपंचाची. दोन्ही लागल्या की रक्कम थेट ठेकेदाराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात.

ही डिजिटल सही ज्या छोट्या काडीत असते तिला सगळे डोंगल म्हणतात. माझं डोंगल पहिले आठ महिने संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये होतं. पासवर्ड पाकिटावर पेनने लिहिलेला. पोरगा प्रामाणिक होता, दोष त्याचा नाही. बाईमाणसाला कशाला हेलपाटे, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं आणि मीही हो म्हटलं होतं. मग एक दिवस गावातल्या एकाने मला रस्त्यात अडवून सांगितलं, "ताई, काल तुम्ही ६४ हजारांचं बिल काढलंत ना." मी काल भावाच्या गावी जत्रेला गेले होते.

त्या दिवशी डोंगल घरी आणलं, पासवर्ड बदलला आणि दागिन्यांच्या पिशवीत ठेवलं. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. नियम सोपा ठेवा: देयकाची फाईल डोळ्यांनी बघितल्याशिवाय डोंगल लावायचं नाही, आणि लावताना आपण स्वतः समोर बसायचं. इंग्रजी येत नाही म्हणून घाबरू नका. पडद्यावर तीनच गोष्टी बघायच्या असतात: कुणाला, किती, कुठल्या कामासाठी. आकडे आणि नावं तर वाचता येतात. आणि डोंगलला मुदत असते. ती मार्चमध्ये संपणार असेल तर जानेवारीतच नवं करून घ्या, नाहीतर ऐन गर्दीत तुमचं गाव रांगेत उभं.

एक काम, एक फाईल

अहवाल वर्षाअखेरीला लिहितात अशी सगळ्यांची समजूत असते. खरं म्हणजे अहवाल काम सुरू व्हायच्या आधीच सुरू होतो. आधी ते काम आराखड्यात असावं लागतं. 'आमचं गाव, आमचा विकास'चा आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो, पोर्टलवर चढतो, कामाला क्रमांक मिळतो. आराखड्यात नसलेल्या कामाचं देयक पोर्टलवर लावायला गेलात तर ते कुठल्या कामाच्या नावावर लावणार? मग लोक जवळपासच्या नावावर लावतात. हातपंपाच्या नावावर मोटार, गटाराच्या नावावर पाइप. सगळी भानगड इथून सुरू होते.

प्रत्येक कामाची वेगळी फाईल करा आणि कागद त्या त्या दिवशी लावा. ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दरपत्रकं किंवा निविदेचे कागद, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, देयक, नमुना १२चं प्रमाणक (व्हाउचर), कपातीची चलनं, पूर्णत्वाचा दाखला, फोटो. ई-निविदेची रकमेची मर्यादा शासन निर्णयाने बदलत राहते, त्यामुळे काम काढायच्या दिवशी लागू असलेल्या निर्णयाची प्रतही फाईलमध्ये ठेवा. दोन वर्षांनी कुणी विचारलं तर 'तेव्हा हाच नियम होता' हे दाखवता आलं पाहिजे.

फोटोंचं सांगते. तीन लागतात: कामाआधी, काम चालू असताना, काम झाल्यावर. आणि तिन्ही एकाच जागेवरून. आमच्या वस्तीवरच्या टाकीचा आधीचा फोटो पूर्वेकडून काढलेला, नंतरचा पश्चिमेकडून. मागे एकात डोंगर, दुसऱ्यात शाळा. बघणाऱ्याला दोन वेगळ्या टाक्या वाटायच्या. तेव्हापासून मी एक खूण ठरवून टाकली. चौकटीत विजेचा खांब, पिंपळ, मारुतीचा पार, काहीतरी न हलणारं आलंच पाहिजे. मोबाईलमधलं लोकेशन चालू ठेवायचं, म्हणजे अक्षांश-रेखांश फोटोवर येतात. आणि आधीचा फोटो खरंच आधी काढा. खड्डा बुजल्यावर खड्ड्याचा फोटो कुठून आणणार?

कपातीचं विसरू नका. ठेकेदाराच्या देयकातून आयकर (एकट्या माणसाला १ टक्का, फर्म-कंपनीला २), कंत्राट अडीच लाखांच्या वर असेल तर जीएसटीचे २ टक्के, बांधकामाला १ टक्का कामगार उपकर, वाळू-खडीचं स्वामित्वधन (रॉयल्टी). कापणं सोपं असतं, पण कापलेले पैसे त्या त्या खात्याकडे वेळेत भरले नाहीत तर तो वेगळा आक्षेप. आमच्याकडे दोन वर्षांचा उपकर कापून तसाच खात्यावर पडला होता आणि सगळे त्याला शिल्लक समजत होते.

न जुळणारे ४८,५००

महिना संपला की पोर्टलवरचा महिना बंद करायचा असतो, आणि तो बंद करायच्या आधी तीन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवायचे: बँकेचा उतारा, नमुना ५ची रोकडवही, पोर्टलवरची जमा-खर्चाची बेरीज. तिन्ही एक आले पाहिजेत.

२०२२च्या ऑगस्टमध्ये आमचे आले नाहीत. बँकेत ४८,५०० जास्त. भाऊसाहेब म्हणाले, व्याज असेल. एवढं व्याज आपल्या खात्यावर येईल तर मी आनंदाने पेढे वाटीन. रात्री वही घेऊन बसले आणि एकेक प्रमाणक उताऱ्यावर खूण करत गेले. बाराव्या की तेराव्या ओळीला सापडलं. पाइपवाल्या दुकानदाराचं ४८,५००चं देयक पोर्टलवर 'दिलं' दिसत होतं, रोकडवहीत खर्ची पडलं होतं, आणि बँकेत मात्र गेल्यासारखं करून परत आलं होतं. त्याची बँक विलीन झालेली, आयएफएससी बदललेला, आणि आमच्याकडे जुनाच नोंदवलेला. दुकानदार बिचारा महिनाभर गप्प होता, ग्रामपंचायतीचे पैसे उशिराच येतात म्हणून.

हे सप्टेंबरमध्ये सापडलं म्हणून दोन दिवसांत निस्तरलं. नोंद उलटवली, खात्याचा तपशील दुरुस्त केला, पुन्हा देयक लावलं. मार्चमध्ये सापडलं असतं तर वर्षाचा खर्च ४८,५००ने खोटा वर गेला असता, माझ्या सहीने. म्हणून महिन्याचा ताळमेळ सोडू नका, आणि कोणी 'किरकोळ फरक आहे, पुढच्या महिन्यात बघू' म्हणालं तर ऐकू नका. फरक पाच रुपयांचा असला तरी कारण लिहा.

व्याज आलं असेल तर तेही जमेला दिसलं पाहिजे.

उपयोगिता प्रमाणपत्र भरताना

हा कागद दिसायला एका पानाचा. वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक, वर्षात मिळालेलं अनुदान, व्याज, एकूण. त्यातून खर्च आणि उरलेली शिल्लक. उदाहरण घ्या. शिल्लक ८२,०००, हप्ते ४,००,०००, व्याज ६,३००, एकूण ४,८८,३००. खर्च ३,९१,५००. राहिले ९६,८००. हे ९६,८०० ३१ मार्चच्या बँक उताऱ्यावर त्याच आकड्यात दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर का नाही ते एका ओळीत लिहा: अमुक देयक ३१ला सोडलं, बँकेतून २ एप्रिलला गेलं. बंधित आणि अबंधितासाठी हेच गणित वेगवेगळं करा.

यात लोक चुकतात त्या जागा मला पाठ झाल्या आहेत. अनुदान पत्राच्या तारखेने धरतात. धरायचं ते खात्यावर पडलेल्या तारखेने. कार्यारंभ आदेश दिला की खर्च झाला असं समजतात. काम मोजलं गेलं नाही, देयक गेलं नाही, तोवर खर्च शून्य. आणि कुणाला आगाऊ रक्कम दिली असेल तर तिचा हिशेब येईपर्यंत ती खर्च नसते, येणं असते.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तुम्हाला एक वाक्य ऐकायला मिळेल: "ताई, शंभर टक्के खर्च दाखवून टाकू, नाहीतर पुढचा हप्ता अडकेल." हप्त्याची भीती खोटी नाही, पण खोटा खर्च दाखवला की त्या खोट्याला काम जोडावं लागतं, कामाला मोजमाप, मोजमापाला फोटो. शिल्लक खरी दाखवा आणि ती कुठल्या कामाची, कुठवर आलंय, ते लिहून द्या. मी दोन वर्षं शिल्लक दाखवली. फोन आले, बोलणी बसली, हप्ताही आला.

हप्ता खरोखर अडकतो तो हिशेब पोर्टलवर नसल्यामुळे. आयोगाची अटच आहे: मागच्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याच्या आधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित लेखे लोकांना ऑनलाइन बघता आले पाहिजेत. पहिली दोन वर्षं राज्यातल्या २५ टक्के संस्थांचे असले तरी चालत होतं. २०२३-२४ पासून ज्यांचे आहेत त्यांच्यापुरताच पैसा. म्हणजे शेजारच्या गावाच्या जिवावर आपलं निभत नाही.

तेव्हा प्रमाणपत्रावर सही करताना नुसता तो कागद घेऊ नका. सोबत ३१ मार्चचा बँक उतारा आणि कामांची यादी मागा. आणि तुमच्या आधीच्या काळातलं असेल तर मी केली नाही ती गोष्ट करा: 'कार्यालयीन अभिलेखावरून' असं लिहून, तो अभिलेख उघडून बघून, मगच सही करा. अभिलेख सापडत नसेल तर तसं लेखी कळवा.

चावडीवरचे लेखापरीक्षक

स्थानिक निधी लेखापरीक्षावाले वर्षातून एकदा येतात. गावातली पोरं रोज येतात. ई-ग्रामस्वराजवर तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च कुणालाही दिसतो, लॉगिनही लागत नाही. एका १ मेच्या ग्रामसभेत एक पोरगा मोबाईल हातात घेऊन उभा राहिला आणि वाचायला लागला, "हातपंप दुरुस्ती, २७,४००. कुठला हातपंप?" गावात सात हातपंप. मी भाऊसाहेबांकडे बघितलं, भाऊसाहेबांनी परिचालकाकडे. प्रमाणकावर नुसतं 'हातपंप दुरुस्ती' लिहिलेलं. खरं तर तीन पंपांचं काम झालं होतं आणि चोख झालं होतं, पण त्या घडीला सांगता येईना. सभेत जो गलका झाला तो मी विसरणार नाही.

तेव्हापासून प्रमाणकावर पत्ता असल्यासारखं लिहायला लावलं: 'मराठी शाळेजवळील, खालच्या आळीतील व मळ्यातील हातपंप, तीन नग, पाइप व वॉशर बदलणे.' अर्धी ओळ जास्त जाते. आणि ग्रामसभेत जमाखर्च वाचायची पाळी आली की एकूण बेरीज वाचून बसू नका, कामाप्रमाणे वाचा. महिला सभेत आधी वाचलं तर फारच उत्तम. कुठल्या गटाराचं पाणी अजून तुंबतंय हे बायकांना ठेकेदारापेक्षा जास्त माहीत असतं, आणि पूर्णत्वाचा दाखला घ्यायच्या आधी ते कळलेलं बरं.

खऱ्या लेखापरीक्षणाचे आक्षेप (जुने लोक त्यांना शक म्हणतात) आता ऑडिटऑनलाइन या पोर्टलवर येतात, आणि उत्तरही तिथेच द्यायचं असतं. आधी आक्षेपाचा प्रकार बघा. वसूलपात्र असेल तर पैसे भरायची पाळी येऊ शकते, त्याला पहिलं उत्तर. कागद दाखवले नाहीत म्हणून रक्कम आक्षेपाधीन ठेवली असेल तर कागद शोधा, बहुतेक वेळा तो असतो, चुकीच्या फाईलमध्ये. उत्तरात 'यापुढे दक्षता घेण्यात येईल' एवढंच लिहून पाठवू नका, त्याने आक्षेप मिटत नाही. माझ्या रस्ता-गटाराच्या प्रकरणात आम्ही मोजमाप पुस्तिकेवरून दोन्हीचा खर्च वेगळा काढला, रस्त्याचा भाग अबंधितातला म्हणून दाखवण्याचा ठराव मासिक सभेत घेतला, दुरुस्तीची नोंद केली आणि तिन्ही नकला जोडल्या. पाच महिने लागले.

पदभार देताना

१५व्या आयोगाची मुदत ३१ मार्च २०२६पर्यंतची आणि १ एप्रिल २०२६पासून १६व्याची पाच वर्षं, अध्यक्ष अरविंद पानगढिया. म्हणजे नव्या सरपंचांच्या हातात नवा पैसा आणि जुन्याची शेपटं एकदमच येणार.

मी पदभार सोडताना एक यादी केली. वित्त आयोगाच्या खात्यावरची त्या दिवशीची शिल्लक, वाट्यानुसार. पूर्ण झालेली पण देयक राहिलेली कामं. अर्धवट कामं आणि त्यांवर आजवर गेलेला पैसा. कापलेल्या पण न भरलेल्या रकमा. उत्तर न दिलेले आक्षेप, क्रमांकासह. दिलेल्या उपयोगिता प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स. फाईलींची संख्या, मोजून, ४१. यादी दोन प्रतींत केली, पानापानावर सही केली, एक भाऊसाहेबांच्या ताब्यात दिली आणि दुसरीवर त्यांची तारखेसह पोच घेतली. डोंगल रद्द करायचा अर्ज त्याच दिवशी दिला, त्याचीही पोच घेतली. तुम्ही पदभार घेताय तेव्हा अशी यादी कुणी देणार नाही. मागा. नाही म्हणाले तर स्वतः वही-पेन घेऊन कपाटासमोर बसा आणि तुम्हीच करा; पहिल्या प्रमाणपत्रावर सही मागायला येईपर्यंत ती तयार असू दे.